टोशिबा एचडी-ए२ की प्लेस्टेशन ३? एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रेचे सुरुवातीचे प्लेअर आज घेण्याजोगे आहेत का

जुन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात ही दोन यंत्रं अजून फिरताना दिसतात. एक, टोशिबाचा एचडी-ए२, २००६ च्या अखेरीस अमेरिकेत आलेला दुसऱ्या पिढीचा एचडी डीव्हीडी प्लेअर. दुसरं, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जपान आणि अमेरिकेत विक्रीला आलेला सोनीचा प्लेस्टेशन ३. नावाला गेम कन्सोल, पण ब्लू-रेला घराघरांत पोचवलं ते यानेच. हाय-डेफिनिशन चित्रपटांसाठी निघालेल्या एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या दोन प्रतिस्पर्धी फॉरमॅटची लढाई १९ फेब्रुवारी २००८ ला संपली. त्या दिवशी टोशिबाने एचडी डीव्हीडीचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. यंत्रं मात्र उरली, आणि त्यांच्या डिस्कही.

निकाल आधीच सांगून टाकतो. प्लेअर म्हणून एचडी डीव्हीडी पहिल्या दिवसापासून तयार होती, डिस्क म्हणून ब्लू-रे सरस होती. आणि इतक्या वर्षांनी किंमत डिस्कलाच उरते. एचडी-ए२ घ्यायचा तो घरात एचडी डीव्हीडी पडलेल्या असतील तरच, आणि तोही त्या डिस्क वाचवायचं काम डोळ्यांसमोर ठेवून. नुसते चित्रपट बघायचे असतील तर ब्लू-रेच घ्या, आणि त्यासाठी जुना प्लेस्टेशन ३ हवाच असंही नाही.

दोन्हीकडे लेझर एकाच जातीचा, ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा-जांभळा. फरक आहे पुढच्या भिंगात. ब्लू-रेच्या भिंगाचं न्यूमरिकल ॲपर्चर (भिंग प्रकाश किती रुंद कोनातून एकवटतं ते सांगणारा आकडा) ०.८५, एचडी डीव्हीडीचं ०.६५. लेझरचा ठिपका किती बारीक होणार हे तरंगलांबीला या आकड्याने भागलं की कळतं: ब्लू-रेला ४७६, एचडी डीव्हीडीला ६२३. दोन ठिपक्यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर निघतं साधारण १.७. आता क्षमता पाहा. एका थरात ब्लू-रेवर २५ जीबी, एचडी डीव्हीडीवर १५. हेही गुणोत्तर १.७ च्या जवळच. दोन थरांच्या डिस्कवर ५० आणि ३०. म्हणजे क्षमतेतला जवळपास सगळा फरक त्या एका भिंगातून आलेला आहे.

भिंगाचं ॲपर्चर मोठं केलं की ते डिस्कच्या कलण्याला फार नाजूक होतं. डिस्क थोडी जरी तिरकी झाली तरी ठिपका फिसकटतो, आणि हा दोष वरच्या पारदर्शक थराच्या जाडीच्या प्रमाणात, तर ॲपर्चरच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ०.८५ चं भिंग डीव्हीडीसारख्या ०.६ मिलिमीटर थरातून चालवणं शक्यच नव्हतं. ब्लू-रेवाल्यांना तो थर ०.१ मिलिमीटरवर आणावा लागला. त्यापायी डिस्क बनवण्याची यंत्रसामग्री नवी घ्यावी लागली आणि सुरुवातीचा खर्च चढला. टोशिबा आणि एनईसीने ०.६ मिलिमीटरच ठेवला, त्यामुळे डीव्हीडीच्या लाइनवर थोडे फेरफार करून एचडी डीव्हीडी काढता येत होती. कारखानदाराच्या बाजूने पाहिलं तर हा खरोखर शहाणा निर्णय होता.

ओरखड्यांचा प्रश्नही इथूनच येतो. ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत. म्हणूनच २००३ मध्ये जपानात आलेल्या सोनीच्या पहिल्या रेकॉर्डरच्या डिस्क प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये असायच्या. पुढे टीडीकेसारख्या कंपन्यांनी कडक लेप शोधला आणि कार्ट्रिज गेलं. आज जुनी ब्लू-रे हातात घेतली तर बहुधा स्वच्छच दिसते, ती या लेपामुळे. पण हा लेप भेदून ओरखडा गेला तर डिस्क गेलीच समजा; डीव्हीडी घासून देणाऱ्या मशीनमध्ये ब्लू-रे घातली तर ती मशीन उरलासुरला लेपही काढून टाकते. एचडी डीव्हीडी याच्या उलट: पटकन चरे पडतात, पण ०.६ मिलिमीटरची जाडी असल्यामुळे डीव्हीडीसारखी पॉलिश करून घेता येते. चरे पडलेली एचडी डीव्हीडी म्हणून लगेच टाकून देऊ नका.

आता प्लेअर. टोशिबाचा पहिला एचडी-ए१ एप्रिल २००६ मध्ये अमेरिकेत ४९९ डॉलरला आला. आत इंटेलचा पेंटियम ४ आणि १ जीबी रॅम, म्हणजे खोक्यात बसवलेला संगणकच. चालू व्हायला भरपूर वेळ, पंख्यांचा आवाज, वजनही चांगलंच. एचडी-ए२ त्या मानाने आटोपशीर, कमी उंचीचा आणि शांत आहे. तरीही बटण दाबल्यापासून डिस्कवरचं पहिलं चित्र दिसेपर्यंत मिनिटभर जातो, तेव्हा चालू झाला नाही असं समजून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. मागच्या बाजूला एचडीएमआय, कंपोनंट, एस-व्हिडिओ, कंपोझिट, ऑप्टिकल ऑडिओ, दोन चॅनेलचा ॲनालॉग आवाज आणि इथरनेट. ५.१ च्या, म्हणजे सहा चॅनेलच्या, ॲनालॉग जोडण्या नाहीत. जुना रिसीव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) सहा वायरींनी जोडायचा असेल तर एचडी-एक्सए२ सारखं मॉडेल शोधावं लागेल.

एचडी-ए२ मधून चित्र निघतं ते १०८०आय (अर्ध्या-अर्ध्या फ्रेमचं), १०८०पी (पूर्ण फ्रेमचं) नव्हे. हे ऐकून बरेच जण नाद सोडतात, पण तसं करायचं कारण नाही. डिस्कवर चित्रपट सेकंदाला २४ पूर्ण फ्रेमचाच आहे. प्लेअर त्या फ्रेम अर्ध्या-अर्ध्या करून सेकंदाला ६० फील्डच्या ठरलेल्या क्रमात पाठवतो. टीव्हीने हा क्रम ओळखला तर तो फ्रेम पुन्हा जशाच्या तशा जोडतो, काहीही हरवत नाही. बहुतेक टीव्हींच्या चित्राच्या सेटिंगमध्ये यासाठी 'फिल्म मोड' किंवा तशाच नावाचा पर्याय असतो. तो चालू हवा. टीव्हीला हे जमत नसेल तर ते लगेच कळतं: जिन्याच्या पायऱ्या, खिडकीच्या पट्ट्या, गाडीची जाळी अशा बारीक समांतर रेषांवरून कॅमेरा फिरला की त्या थरथरतात. असं दिसलं तर एचडी-ए३० किंवा एचडी-ए३५ पाहा. ही तिसऱ्या पिढीची मॉडेलं १०८०पी २४ फ्रेम देतात. एचडी-ए३ नव्याने आलेला असला तरी १०८०आयवरच थांबतो, नावावर जाऊ नका.

आवाजाच्या बाबतीत लोक सर्वात जास्त अडकतात, म्हणून जरा सविस्तर. एचडी डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल प्लस नेहमीचाच, काही डिस्कवर डॉल्बी ट्रूएचडी, म्हणजे काहीही न गाळता साठवलेला (लॉसलेस) आवाज. बहुतेक डिस्कवर मेन्यूच्या बटणांचे आवाज आणि दुसरा ऑडिओ मुख्य आवाजात मिसळायची सोय असते, आणि ती मिसळण प्लेअरच्या आतच होते. म्हणजे आवाज आधीच डिकोड झालेला असतो. म्हणून एचडी-ए२ कडून रिसीव्हरच्या पडद्यावर 'ट्रूएचडी' अशी अक्षरं यायची वाट पाहू नका. सेटअपमध्ये एचडीएमआयचा डिजिटल आउट 'पीसीएम' (डिकोड झालेला आवाज) वर ठेवा. रिसीव्हरवर 'मल्टिचॅनेल पीसीएम' दिसलं की काम झालं, दर्जात काही कमी नाही. तिथे 'डाउनमिक्स्ड पीसीएम' निवडलेलं राहिलं तर सगळा आवाज दोन चॅनेलवर येतो आणि मागचे स्पीकर मुके राहतात. ऑप्टिकल वायरने जोडत असाल तर बिटस्ट्रीम निवडा: प्लेअर आवाज डिकोड करून, दीड मेगाबिटच्या डीटीएसमध्ये पुन्हा बांधून पाठवतो. साध्या डीव्हीडीच्या डॉल्बी डिजिटलपेक्षा हा आवाज स्पष्टपणे भरीव आहे, जुन्या रिसीव्हरवाल्यांनी अजिबात कमी लेखू नये. एक मात्र लक्षात ठेवा, ट्रूएचडीचा ट्रॅक डिस्क आपण होऊन लावेलच असं नाही. ऑडिओच्या मेन्यूत जाऊन निवडावा लागतो.

प्लेस्टेशन ३ चं जुनं जाड मॉडेलही असंच वागतं: ट्रूएचडी आत डिकोड करून पीसीएम पाठवतं. २००९ च्या स्लिमपासून कच्चा बिटस्ट्रीम, म्हणजे डिकोड न केलेला आवाज, बाहेर काढता येतो. या यंत्राचं मोठं बळ म्हणजे सॉफ्टवेअर. डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हा लॉसलेस आवाज, बीडी-लाइव्ह ही इंटरनेटची सोय, थ्रीडी ब्लू-रे हे सगळं त्याच जुन्या यंत्रात पुढे अपडेटने आलं. त्या काळचे बाकीचे ब्लू-रे प्लेअर एवढे नशीबवान नव्हते. ब्लू-रेच्या पहिल्या प्रोफाइलमध्ये (प्लेअरला काय जमलंच पाहिजे याच्या यादीत) चित्रात चित्र दाखवायला दुसरा व्हिडिओ डिकोडर सक्तीचा नव्हता, इथरनेट नव्हतं, साठवणही नव्हती. चित्रात चित्राची सक्ती आली नोव्हेंबर २००७ पासून, आणि इंटरनेटची तर प्रोफाइल २.० मध्येच. एचडी डीव्हीडीत हे सारं पहिल्या दिवसापासून प्रत्येक प्लेअरला बंधनकारक होतं. वर प्रदेशाचं कुलूपही नव्हतं. ग्राहकाशी प्रामाणिकपणे वागलेला फॉरमॅट कोणता, असं विचारलं तर उत्तर एचडी डीव्हीडी हेच आहे, आणि हे मोकळेपणाने म्हणायला हवं.

प्लेस्टेशनच्या जाड मॉडेलच्या अडचणीही सांगायला हव्यात. त्याला इन्फ्रारेड रिसीव्हर नाही, घरातला साधा रिमोट चालत नाही, ब्लूटूथचाच लागतो. नुसता चित्रपट लावला तरी पहिलं मॉडेल दीडशे वॉटच्या वर वीज घेतं. आतली थर्मल पेस्ट आता कोरडी पडलेली असते. पंखा दहा मिनिटांत भणाणायला लागला तर यंत्र उघडून पेस्ट बदलल्याशिवाय वापरू नका. चालू करताच पिवळा दिवा लागून यंत्र बंद होत असेल तर घेऊच नका.

चित्राचा दर्जा? इथे भांडायला फार जागा नाही. एमपीईजी-२, एच.२६४ आणि व्हीसी-१ हे तिन्ही कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती, दोघांना चालतात. वॉर्नर या चित्रपट कंपनीने दोन्ही फॉरमॅटवर काढलेल्या चित्रपटांत तर ३० जीबीत मावेल असा एकच व्हीसी-१ एन्कोड दोन्हीकडे वापरलेला असायचा. शेजारी ठेवून फरक शोधत बसणं व्यर्थ. सुरुवातीच्या काही महिन्यांत तर ब्लू-रेच मागे होती, कारण अनेक डिस्क २५ जीबीच्या एकाच थरावर एमपीईजी-२ मध्ये काढलेल्या होत्या. ५० जीबीच्या डिस्क नियमित निघू लागल्या तेव्हा चित्र पालटलं. व्हिडिओला ब्लू-रेवर ४० मेगाबिटपर्यंत वाव, एचडी डीव्हीडीवर २९.४. लांब चित्रपट, सोबत लॉसलेस आवाज आणि भरपूर पुरवण्या असं सगळं एका डिस्कवर बसवायचं म्हटलं की ३० जीबी कमी पडू लागले. ५१ जीबीची तीन थरांची एचडी डीव्हीडी कागदावर मंजूर झाली होती, पण एकही चित्रपट तिच्यावर आला नाही.

बाजारातला शेवट झटपट झाला. २ नोव्हेंबर २००७ ला वॉलमार्टने हाच एचडी-ए२ ९८.८७ डॉलरला विकला. आज सेकंडहँडमध्ये हे मॉडेल दिसतं त्यामागे ती विक्रीही आहे. पण ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने फक्त ब्लू-रेवर जाण्याचं जाहीर केलं, फेब्रुवारीत नेटफ्लिक्स आणि वॉलमार्टनेही तेच ठरवलं, बेस्ट बाय या दुकानसाखळीने ग्राहकांना ब्लू-रेची शिफारस करायचं जाहीर केलं, आणि टोशिबाला थांबावं लागलं. पुढच्याच वर्षी टोशिबाने ब्लू-रेच्या संघटनेत जायचं ठरवलं.

आता घरात एचडी डीव्हीडी असतील त्यांच्यासाठी सर्वात निकडीची गोष्ट. या डिस्क मरत आहेत. दोन पातळ चकत्या चिकटवून केलेल्या या डिस्कमध्ये चिकटपदार्थ आणि परावर्तक थर कालांतराने बिघडतो. वॉर्नरने २००६ ते २००८ मध्ये बनलेल्या आपल्या काही डीव्हीडींत दोष असल्याचं २०२५ मध्ये मान्य केलं. त्याच काळातल्या त्यांच्या एचडी डीव्हीडींबद्दलही संग्राहकांची ओरड सर्वात जास्त आहे. वाईट भाग असा की डिस्क बाहेरून आरशासारखी स्वच्छ दिसते. मेन्यू येतो, चित्रपट सुरू होतो, आणि मध्यावर, थर बदलतो त्या सुमारास चित्र गोठतं किंवा चौकोन फुटायला लागतात. म्हणून पहिली पाच मिनिटं पाहून डिस्क चांगली ठरवू नका. एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी असलेल्या कॉम्बो डिस्कवर तर आणखी लक्ष द्या. त्यांना लेबलची बाजूच नसते, नाव फक्त मधल्या कड्यावर बारीक छापलेलं असतं, त्यामुळे बोटांचे ठसे दोन्हीकडे पडतात, आणि डिस्क वाचत नाही अशा तक्रारी याच प्रकारात जास्त.

वाचवायचा मार्ग संगणकातून जातो. टोशिबाचा प्लेअर त्यासाठी उपयोगाचा नाही. हवा तो एचडी डीव्हीडी वाचणारा ड्राइव्ह: एलजीचा जीजीसी-एच२०एल किंवा जीजीडब्ल्यू-एच२०एल, दोन्ही साटा जोडणीचे आणि ब्लू-रेही वाचणारे, नाहीतर एक्सबॉक्स ३६० साठी निघालेला बाहेरचा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह, जो यूएसबीने थेट संगणकाला लागतो. मात्र त्याचा स्वतःचा पॉवर ॲडॉप्टर सोबत आहे ना हे आधी विचारा, नुसत्या यूएसबीवर तो चालत नाही. विंडोज एक्सपीला डिस्कची यूडीएफ २.५ रचना कळत नाही, वेगळा ड्रायव्हर लागतो. व्हिस्टापासून पुढे ही अडचण नाही. मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर एचडी डीव्हीडी उघडतं आणि मुख्य चित्रपट एमकेव्ही फाइलमध्ये काढून देतं. डिस्कवरच्या फाइली 'एचव्हीडीव्हीडी_टीएस' फोल्डरमध्ये ईव्हीओ नावाच्या शेपटीने असतात. काही डिस्कवर, विशेषतः युनिव्हर्सलच्या, चित्रपट 'फीचर_१' आणि 'फीचर_२' अशा दोन तुकड्यांत असतो. एकच तुकडा उचलला तर चित्रपट अर्ध्यात संपतो. निघालेल्या फाइलची लांबी खोक्यावरच्या मिनिटांशी ताडून पाहा, आणि तुटक निघाली तर ईएसी३टू या साधनाला दोन्ही तुकडे अधिक चिन्हाने जोडून द्या.

वेळेचा अंदाज: १एक्स म्हणजे सेकंदाला ३६.५५ मेगाबिट. भरलेली ३० जीबीची डिस्क या वेगाने वाचायला साधारण ११० मिनिटं लागतात. खराब होत चाललेली डिस्क असेल तर ड्राइव्ह एकाच जागी पुन्हा पुन्हा वाचत बसतो. तासन्‌तास तसाच ठेवू नका. तापलेला लेझर आणखी चुका करतो. डिस्क काढा, मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, ड्राइव्ह थंड होऊ द्या आणि पुन्हा लावा. एका ड्राइव्हवर अडलेली डिस्क दुसऱ्या मॉडेलवर निघते असं पुष्कळदा होतं, म्हणून पहिल्या अपयशाला डिस्क फेकू नका. फाइल निघाली की दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर मूळ डिस्क पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात, उभ्या ठेवा.

अमेरिकेहून कोणी एचडी-ए२ सोबत आणला असेल तर तो १२० व्होल्टचा आहे, हे विसरू नका. नुसता प्लग बदलून २३० व्होल्टवर लावला की पॉवर सप्लाय जळतो. मागच्या पट्टीवर लिहिलेल्या वॉटच्या दुपटीचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. युरोपातली एचडी-ई१, एचडी-ईपी३० ही मॉडेलं आपल्या विजेवर थेट चालतात. एचडी डीव्हीडी कुठल्याही देशाची कुठेही लागते, पण त्याच प्लेअरमध्ये साधी डीव्हीडी घातली तर प्रदेश आडवा येतो: अमेरिकी प्लेअर प्रदेश १ चा, भारत प्रदेश ५ मध्ये. ब्लू-रेमध्ये भारत सी विभागात, अमेरिका ए मध्ये. तिकडचा प्लेस्टेशन इकडे आणला तर केवळ सी विभागासाठी काढलेली डिस्क त्यावर लागणार नाही. बऱ्याच डिस्क तिन्ही विभागांना खुल्या असतात, खोक्याच्या मागचं ए, बी, सी चं चिन्ह पाहून घ्या.

एचडी-ए२ विकत घेताना विक्रेत्याकडून चालू एचडी डीव्हीडीचा व्हिडिओ मागा, डीव्हीडीचा नको. पिकअपमध्ये, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भागात, लाल (डीव्हीडीसाठी) आणि निळा असे वेगळे लेझर असतात. निळा दमला तरी डीव्हीडी छान चालते, आणि विक्रेता खऱ्या मनानेच 'प्लेअर चालू आहे' म्हणतो. चित्रपटाच्या दुसऱ्या अर्ध्या भागातलं दृश्य लावून दाखवायला सांगा, म्हणजे दुसरा थरही वाचतो की नाही ते कळेल. रिमोट आहे का विचारा, कारण सेटअपचा मेन्यू त्याच्याशिवाय उघडत नाही. फर्मवेअरचा आकडा सेटअपमध्ये पाहून घ्या. ऑनलाइन अपडेट आता मिळणार नाहीत, जुन्या फाइलीवरून सीडी जाळूनच ते करावं लागतं, आणि ते चालू असताना वीज गेली तर प्लेअर कायमचा बंद पडतो, तेव्हा यूपीएस लावल्याशिवाय अपडेटला हात घालू नका.